बैलांना घर ठावं हाय

धान्याच्या कंट्रोलच्या दिवसांत आमच्या आबांना 'गाडी हाकू नका' म्हणून सांगणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं. ते माणसं विसरायला लागले होते, मला, पोटच्या पोरालाही, 'पाव्हणं' म्हणायचे, पण बैलांचा कासरा काही सोडायचे नाहीत. "माज्या ध्यानात नसंल रं, बैलांना घर ठावं हाय!" आणि खरंच, कशेळ्याच्या बाजारातून बैलच त्यांना घरी आणायचे.

पुढे बैल थकले, म्हणून खालापुराकडच्या एका शेतकऱ्याची जोडी घेतली. दुसऱ्याच दिवशी आबा ती जुंपून गेले, ते आलेच नाहीत. बैलांनी घर गाठलं होतं, पण स्वतःचं! त्या शेतकऱ्याच्या ओटीवर आबा निवांत भाकरी खात बसलेले. मला बघून म्हणाले,

"या पाव्हणं, बसा. घर आपलंच हाय!"