माझ्या लकव्याची मुलाखत

अरे, डोकंच फिरलं माझं! लकव्यानंतर माझं बोलणं सावकाश येतं, पण येतं ना? परवा पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या घरी एक रिसर्चवाली मॅडम आली. म्हणाली, "काका, याला फिनॉमिनॉलॉजी म्हणतात. आजार आतून कसा जाणवतो, ते आम्ही पेशंटच्याच तोंडून ऐकतो." मी खूश! मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलो.

"चालताना काय वाटतं, काका?"

मी तोंड उघडेपर्यंत आमचा मुलगा बोलला, "पप्पांना काही वाटत नाही हो, एकदम ओके आहेत." बाईने रेकॉर्डिंगचा मोबाइल सरळ त्याच्यापुढे सरकवला!

शेवटी मी ओरडलो, "अरे, पाय माझा आहे! जमिनीला टेकला की नाही, हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही मला!"

तर म्हणते कशी, "काका, जरा हळू. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज येतोय."