बाहेरचा माणूस

विम्याची चेष्टा करू नका रे माझ्यासमोर. पडेगावच्या अर्जुनचं मी डोळ्यानं बघितलंय.

अर्जुन शेवयांच्या मशिनी बनवतो. एका प्रदर्शनात त्याचा स्टॉल माझ्या मसाल्याच्या स्टॉलला लागूनच होता. संयोजकांनी सक्ती केली म्हणून त्यानं स्टॉलवरच्या अपघाताचा विमा काढला, तोही कुरकुरत.

दुपारी त्याचा थोरला भाऊ आला. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. पहिली मशीन दोघांनी मिळून बनवलेली, पण वर्कशॉप धाकट्याकडं गेलं. दादा आपला गर्दीत उभा राहून नुसता बघत होता. तेवढ्यात चालू मशीनमधे पीठ अडकलं, आणि जुन्या सवयीनं दादाचा हात सरळ आत गेला. दोन बोटं लई कापली.

अर्जुननंच दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले. परत आले तर विम्याचा एजंट हजर. म्हणला, "जखमी माणूस बाहेरचा असेल तर खर्च मिळतो, घरचा असेल तर नाही. हे कोण तुमचे?"

अर्जुननं दादाकडं बघितलं. दादाच बोलला, "बाहेरचाच हाय मी. प्रदर्शन बघायला आलतो."

एजंट लिहून घेऊन गेला. दादानं डाव्या हातानं पिशवी उचलली आणि निघाला. अर्जुन मागं पळाला, रडायलाच आलता. "दादा, माझ्यासाठी एवढं खोटं बोललास?"

दादा थांबला, पण वळला नाय.

"खोटं कुठं बोललो, अर्जुन?"