रीत माझ्या खिशात होती

खरं म्हणजे हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं, विहंगदादानं माझ्याकडून देवापुढे कबूल करून घेतलंय, पण तुम्ही काही आमच्या मखमलाबाद रोडच्या बिल्डिंगमधले नाही, तेव्हा तुम्हाला सांगते…

आमच्याकडे खाली एक फळा आहे. 'उद्या पाणी येणार नाही' असं लिहायला. पण दर रविवारी दहा वाजता तळमजल्यावरचे शामसुंदरकाका, म्हणजे रिटायर्ड गणिताचे सर, त्यावर एक आकड्यांचं कोडं लिहितात… लिहायचे. उत्तर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या दाराखालून सरकवायचं, आणि नुसतं उत्तर चालत नाही. 'नुसत्या उत्तराला शून्य, रीतीला दहा.' मी दर रविवारी चिठ्ठी सरकवायचे. नाव नाही लिहायचे, कारण नाव लिहिलं की लोक बोलायला येतात. मग संध्याकाळी फळ्यावर यायचं, 'निनावीला दहापैकी दहा', आणि खिळ्याला बक्षिसाची पिशवी, काकांच्या बहिणीच्या दिंडोरीच्या मळ्यातली द्राक्षं. सगळ्यांदेखत ती काढून घेणं मला कसं जमणार? शेवटी आमचे वॉचमन बुधामामा ती खायचे, त्यामुळे अर्ध्या बिल्डिंगला वाटायचं की निनावी म्हणजे बुधामामाच. प्रतिभाकाकू तर आपल्या मुलाला त्यांच्याकडे शिकवणीला पाठवायला निघाल्या होत्या.

तर त्या रविवारचं कोडं होतं दहा अंकी संख्येचं. पहिला अंक सांगतो की तिच्यात शून्यं किती, दुसरा सांगतो एक किती, तिसरा दोन किती, असं करत शेवटचा सांगतो नऊ किती. दादा इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटर. तो म्हणाला, "ह्याला डोकं कशाला लागतं, प्रोग्रॅम लिहितो." आणि लिहिला. एक अब्जापासून सुरू करून एकेक संख्या तपासायची. लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काय रे, अजून शिजलं नाही का ते? मला मिक्सर लावायचाय."

मी समोरच बसले होते, वहीच्या मागच्या पानावर. मला एवढंच सुचलं की जागा दहा आहेत, म्हणजे सगळ्या अंकांची बेरीज दहाच यायला हवी, म्हणजे बहुतेक जागी शून्यच असणार. नऊ शून्यं? मग शेवटी एक लिहावा लागतो आणि शून्यं आठच उरतात. आठही जमेनात, सातही जमेनात. सहा जमली. ६२१०००१०००. तोवर आईचा वरणभातही झाला नव्हता.

दादा मागून वाकून बघत होता हे मला कळलंच नाही. त्यानं सगळा प्रोग्रॅम पुसला आणि नवीन लिहिला. एका ओळीचा. 'हा आकडा दाखव.' खाली लिहिलं, वेळ शून्य पूर्णांक चार सेकंद. मला म्हणाला, "बोलू नकोस हं. कॉम्प्युटर सोडवेल म्हणून खाली मी आधीच सांगून बसलोय."

खाली सगळे जमले होते. दादानं लॅपटॉप दाखवला. काकांनी चष्मा वर केला. "चार दशांश सेकंद? मला हे सोडवायला तरुणपणी दोन दिवस लागले होते रे." मग फळ्याकडे बघत म्हणाले, "कोणी रीतीनं सोडवलं का? आज निनावीचीही चिठ्ठी आली नाही." आणि सगळ्यांकडे बघत बघत त्यांची नजर माझ्यापाशी थांबली. दोन सेकंद. दादाच्या हिशेबानं पाच वेळा सुटलं असतं कोडं तेवढ्यात. मी चपलांकडे बघत राहिले.

रीत माझ्या खिशात होती.

काकांनी खिशातून रुमाल काढला, डस्टर नव्हे, रुमाल, आणि फळा पुसला. "आता रीत कोण विचारतंय," म्हणाले आणि आत गेले. त्यांना वाटलं, मशीननं हरवलं. मशीन बिचारं, दादानं प्रोग्रॅम पुसला तेव्हा, पहिल्या अब्जातच अडकलं होतं. त्यांना हरवलं कोणीच नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि रीत माझ्या खिशात होती.

चार रविवार झाले. फळ्यावर फक्त पाणी येणार नाही. दर रविवारी मी ठरवते, आज नक्की, आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन बुधामामांना 'काही नाही, अशीच' म्हणून परत येते. बुधामामा म्हणतात, "पोरी, द्राक्षं बंदच झाली गं." आणि काका… काका आता शंभर पानी वही घेऊन दादाकडे प्रोग्रॅम शिकायला बसतात. या वयात. रोज त्याला विचारतात, "पण विहंग, चार दशांश सेकंदात कसं झालं, त्याची रीत काय?" आणि दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.

बघा, आलेच ते. "स्वानंदी, ए स्वानंदी, बाहेर ये जरा, काकांना रीत हवीय." दादाचा आवाज कसा बारीक झालाय. आले रे… कागद खिशातच आहे, घड्या पडून पडून फाटायला आलाय, पण आज मी काकांना सरळ सांगणार आहे की निनावी म्हणजे… नाही, आधी चहा ठेवते, आणि मग नक्की…