कॅमेरा चालू राहिल्याबाबत

मी, विजयसिंह हंबीरराव इंगवले, वय ६३ वर्षे, धंदा काही नाही, पूर्वी शिरोली एमआयडीसीत फिटर, रा. उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, आज रविवार दि. १२ जानेवारी २०२५ रोजी दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की, माझी पत्नी शालूबाई, वय ५८, ही या क्षणी माझ्या घरात एका खुनी माणसासोबत एकटी आहे. हे मी आल्या आल्या सांगितले. ठाणे अंमलदार जोतीराम साहेबांनी दोन पोलीस घरी पाठवले आणि ते पोहोचेपर्यंत झाले ते क्रमाने सांगा म्हणाले, म्हणून सांगतो.

फिरायला जाईन तिथले शूटिंग करण्याचा मला नाद आहे. माझ्याकडे तळहातात मावणारा जुना हँडीकॅम आहे. त्याचे बटण एकच, दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद. माझे बऱ्याचदा उलटे होते. बंद केला असे समजून मी चालूच ठेवतो. आमच्या सगळ्या सहलींत निम्मी यांची चप्पलच दिसते, असे शालूबाई चारचौघांत सांगते.

दि. १५ डिसेंबर रोजी आम्ही दोघे गारगोटीच्या पुढे डोंगरावरच्या देवीला गेलो होतो. देवळामागे कडा आहे. तिथे एक जोडपे भेटले. मुलीने नाव वर्षाराणी सांगितले, वय पंचविशीच्या आतबाहेर. "काका, आमचं बी काढा की जरा," असे ती म्हणाली. तिचा नवरा सयाजी नको म्हणत होता. तरी मी काढले. ती सारखी हसत होती. मग मी त्याला, "पावणं, उचगावला या जेवायला, टीव्हीवर लावून दावतो," असे म्हणून पत्ता दिला, त्याचा मोबाईल नंबर घेतला. आम्ही कोणालाही असेच बोलावतो. नंतर कॅमेरा तिथेच देवळामागच्या कट्ट्यावर ठेवून आम्ही देवळापुढे भडंग खायला बसलो. थोड्या वेळाने मागे ओरडा झाला. सेल्फी काढताना बायको पाय घसरून दरीत गेली, असे तो सांगत होता व छाती बडवून घेत होता. मी त्याला पाणी पाजले. आलेल्या पोलिसांना मीही पाय घसरला असेच सांगितले. पाहिले मात्र काहीच नव्हते.

ते पोर महिनाभर डोळ्यांपुढून हलेना. टीव्हीला जोडायची वायर हरवल्याने शूटिंग पाहिले नव्हते. काल नवी वायर आणली आणि सयाजीला फोन केला. "तुमच्या मालकिणीचं शेवटचं शूटिंग माझ्याकडं हाय. उद्या जेवायलाच या, बघून जावा, मन हलकं हुईल." मीच बोलावले. हे जबाबात आलेच पाहिजे.

आज साडेअकराला शालूबाई स्वयंपाकघरात असताना मी त्या मुलीचा भाग शोधून ठेवायला शूटिंग लावले. कट्ट्यावर ठेवलेला कॅमेरा चालूच राहिला होता. चित्र तिरके आहे, पण दोघे पूर्ण दिसतात. मुलीच्या हातात मोबाईल नाही. दरीकडे पाठ करून ती उभी आहे आणि दोन्ही हातांनी तिने नवऱ्याचा शर्ट धरला आहे. "अवं, पडंन की मी," असे म्हणते. तो तिची बोटे एकेक करून सोडवतो. मग ढकलतो. ढकलल्यावर शर्ट नीट करतो.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. एक वाजता बोलावलेला माणूस पावणेबाराला आला. मी रिमोटने टीव्ही बंद केला. कॅमेरा जोडलेलाच राहिला, काढायला गेलो असतो तर त्याने पाहिले असते. शालूबाई चहा घेऊन आली. तिला खुणावले असते तर ती मोठ्याने विचारणार, "डोळ्याला काय झालं ओ?" मी मटण आणतो म्हणून पिशवी घेतली. बोळाच्या तोंडापर्यंत चाललो, पुढे पळालो. बायकोला टाकून पळाला असे कोणी म्हणाले तर मी नाही म्हणणार नाही. भ्यालो होतो. अजून भ्यालेलो आहे.

तिला काहीच माहीत नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहा झाला की सहल दाखवायची तिला हौस आहे.

१२ वाजून ३४ मिनिटांनी घरी गेलेल्या पोलिसांचा फोन आला. साहेबांनी स्पीकरवर घेतला. "साहेब, दार उघडं हाय. टीव्ही चालू हाय, वायर लोंबतीया, कॅमेरा न्हाय. बाई बी न्हाईत." मी शालूबाईचा नंबर लावला. तो साहेबांच्या फोनमधून, माझ्याच घरात वाजताना ऐकू आला. मग शेजारच्या बाळाबाईंचा आवाज आला. "शालूबाई आत्ताच गेली की पावण्याच्या गाडीवर बसून. ह्यांना उशीर झाला, दुकानाकडं बघून येतो म्हणाली."

गाडी कुठल्या बाजूला वळली ते साहेबांनी विचारले. बाळाबाईंनी हायवेकडे सांगितले. मटणाचे दुकान गावात आहे. गाडीचा नंबर मला माहीत नाही. शालूबाईच्या अंगावर हिरवे लुगडे आहे.

हा जबाब मला वाचून दाखवू नये. ऐकत बसायला मी थांबणार नाही. सांगितला तसाच लिहिला असेल असे धरून, न वाचता सही करतो. साहेब, गाडी काढा.