जुन्या डब्यात नवे कार्ड

माझा जन्म कोपरीचा, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, चाळीत. वडील फिटर होते. हात काळे करायचे नसतील तर रेघ सरळ मारायला शीक, एवढेच त्यांनी मला सांगितले, म्हणून मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो. तिथे पत्र्याचे भाग ठोकून काढायचे साचे होत, त्यांना डाय म्हणतात, आणि त्या डायची ड्रॉइंग मी काढत असे, आधी बोर्डाशी उभा राहून, ट्रेसिंग कागदावर शाईने, चुकले तर ब्लेडने खरवडून, आणि पुढे संगणकावर. आयुष्य म्हणाल तर एवढेच आहे. तुम्ही विचारलेत म्हणून पुढचे सांगतो.

कारखाना बंद झाला. मालकही गेले. त्यांच्या मुलाने, अमेयने, वागळेतच लहानसे वर्कशॉप काढले आणि ड्रॉइंगचे काम तो माझ्याकडे, इथे डोंबिवलीला, पाठवू लागला. मी बाहेरच्या खोलीत टेबल मांडले, संगणक ठेवला आणि खिडकीखाली प्लॉटर. प्लॉटर म्हणजे मोठ्या कागदावर ड्रॉइंग छापून देणारे यंत्र, पलंगाएवढे लांब. सुमन, माझी पत्नी, त्याच्यावर पापड वाळत घालते. मी बोललो आहे. उपयोग नाही.

शुक्रवारी वागळेला सुट्टी, तेव्हा एका शुक्रवारी अमेय स्वतः आला. चहा घेतला, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, काका, आता गिऱ्हाईक कागद देत नाही, सगळं थ्रीडीत येतं, तुमच्या मशीनवर उघडतंय का बघा, नाहीच उघडलं तर पुण्याचा एक पोरगा आहे त्याला देतो, राग मानू नका हां. मी म्हटले, राग कशाचा. राग नव्हताच. तो गेल्यावर मी फाइल उघडली, पडद्यावर एक करडा चौकोन आला आणि तिथेच थांबला, आणि मी त्याच्यासमोर बसून राहिलो, कारण हे काम गेले की पुढचे येणार नाही हे मला कळत होते. पोटाचा प्रश्न नव्हता, तसे समजू नका. सकाळी आंघोळ करून त्या टेबलाशी बसायचे कारण उरणार नाही, एवढाच प्रश्न होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नितीनचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. संगणक तिथे नेला, तर नितीन पाहताच म्हणाला, काका, हा डबा आता म्युझियमला द्या, नवीन घ्या. नवीन घेता येत नव्हता. प्लॉटरची ती जाड केबल याच जुन्या संगणकात बसते, नव्यात तिला जागाच नसते, आणि वर्कशॉपमध्ये डाय करणाऱ्या माणसाला कागद हातात लागतो. हे ऐकून तो म्हणाला, मग ग्राफिक्स कार्ड टाका, चित्राचं काम ते उचलेल, पण त्याला करंट जास्त लागतो, म्हणजे वीज पुरवणारा पॉवर सप्लायही बदलावा लागणार. तुमच्यातला असाच आहे बघा, म्हणून त्याने तसलाच एक जुना पॉवर सप्लाय माझ्या एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात दिला. जुना हलका होता. बाहेरच्या कागदावर वॅटचा आकडा मोठा आणि आत जवळजवळ रिकामा. इतकी वर्षे मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून होतो.

कार्ड आणि नवा पॉवर सप्लाय घेऊन घरी आलो. सुमन मेथी निवडत होती. म्हणाली, डॉक्टर गुडघे बदला म्हणतायत ते राहिलं बाजूला, डब्याचे अवयव बदलताय. मी कागद आणि पेन्सिल घेतली. माझी एक पद्धत आहे, कोणतीही वस्तू उघडण्यापूर्वी ती कागदावर काढायची. कोणती वायर कुठे जाते, कोणत्या रंगाची, सगळे काढले, मग जुना पॉवर सप्लाय सोडवला, नवा बसवला, कागद पाहून एकेक वायर जोडली, कार्ड त्याच्या खाचेत दाबले, स्क्रू आवळले. बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळा.

काय सांगू तुम्हाला, मी ते काढून पुन्हा बसवले, पुन्हा काढले, पुन्हा बसवले, आणि प्रत्येक वेळी पंखे फिरत आणि पडदा काळा. डबा घेऊन पुन्हा दुकान गाठले. नितीनने कार्ड स्वतःच्या संगणकात लावून पाहिले, चालले. पॉवर सप्लाय पाहिला, तोही चालला. मग तो म्हणाला, काका, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या मदरबोर्डाचा स्लॉट गेलाय. म्हणजे ज्या खाचेत कार्ड बसते ती गेली. ती गेली म्हणजे बोर्ड गेला, आणि तसा बोर्ड आता मिळत नाही. कार्ड परत घेतो म्हणाला. मी म्हटले, उद्या सांगतो.

घरी येऊन मी डबा पुन्हा उघडला. पुन्हा का उघडला, ते मला सांगता येणार नाही. सुमनला टॉर्च धरायला सांगितली. ती म्हणाली, झालं ना आता, किती छळताय त्याला. मी म्हटले, टॉर्च सरळ धर. तिने धरली, वाकली आणि म्हणाली, अहो, त्या फटीत लाल काय आहे? मला दिसेना. भिंग आणले. खाचेच्या तळाशी तांदळाचा दाणा होता. ती म्हणाली, अक्षता आहे ती.

आता हे कसे ते सांगतो. खंडेनवमीला आमच्याकडे कंपास, स्केल, प्लॉटर, सगळ्यांची पूजा होते. मी कारखान्यात असताना तिथल्या पूजेत सुमनने पाहिले होते की कामगार कुंकू यंत्राच्या झाकणाला लावत नाहीत, फिरणाऱ्या भागाला लावतात. संगणक मी उकाड्यामुळे आडवा ठेवून वरचा पत्रा काढूनच वापरत असे. तिने दरवर्षी त्याच्या आत अक्षता टाकल्या. मी विचारले, आत कशाला? तर म्हणते, पत्र्याला काय हळदीकुंकू वाहायचं, चालतं ते आतच ना?

मी तिच्यावर ओरडणार होतो. ओरडलो नाही. दात कोरायच्या काडीने दाणा काढला, कार्ड दाबले, ते पूर्वीपेक्षा किंचित खोल गेले, आणि पडदा उजळला. नितीनला सांगितले तेव्हा तो म्हणाला, तरी म्हटलं, हा पीसी इतकी वर्षं चालतो कोणाच्या भरवशावर! सुमनने त्याला विचारले, म्हणजे पॉवर सप्लाय उगाच घेतला का रे? तो म्हणाला, नाही काकू, जुन्यावर हे कार्ड लावलं असतं तर धूर निघाला असता. तिचे समाधान झाले नाही.

फाइल उघडली. अमेयची डाय पडद्यावर उभी राहिली, फिरवली की फिरू लागली, खालून, आतून, हवी तशी दिसू लागली. जी बाजू आयुष्यभर मी मनात पाहून कागदावर उतरवली ती समोर दिसत होती. बरे वाटले.

ते काम मी पोचते केले. अमेयने पुढचे पाठवले आहे. परवा त्याचा फोन आला होता, काका, बरे आहात ना? मी म्हटले, ड्रॉइंग अर्धे झाले आहे, चार दिवसांत देतो. तो म्हणाला, काही घाई नाही काका, सावकाश करा, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या.

कारखान्यात मी जन्म काढला आहे. डायच्या कामाला कोणी वेळ घ्या म्हणत नाही. डाय नेहमी कालच हवी असते. खरे काम पुण्याला जात असणार आणि हे माझ्यासाठी बाजूला काढलेले असणार. मी त्याला विचारले नाही. विचारले तर त्याला खोटे बोलावे लागेल. सुमनलाही सांगितलेले नाही, तुम्ही छापाल तेव्हा तिला कळेल.

मुलगा चांगला आहे. त्याचे वर्कशॉप चालो. ड्रॉइंग मी चार दिवसांतच देणार आहे.