बापाचा आवाज कार्डात

आता त्या मेमरी कार्डाचं आयका. माहा बाप गेला, त्याचा आवाज तेवढ्या एका कार्डातच रायला होता. पोरीनं ते लॅपटॉपात घातलं, पायथनचा प्रोग्राम चालवला अन् म्हने, "बाबा, फोल्डर खालीच हाय, एकबी फाईल नाही."

माहं डोकंच फिरलं. "खाली काहून? म्या सोता भरलं त्यात!"

"थांबा ना! कार्ड फोल्डरले जोडाचंच रायलं. आधी माउंट करा लागते."

"म्हंजे ट्रक आलाच नाही, अन् तू त्यातले संत्रे पाहून रायली?"

तिनं जोडलं, प्रोग्राम पुन्हा चालवला, तं फाईलीची रांगच लागली. एक वाजवली. बाप खेकसला, "अबे, मोबाईल ठेव, संत्र्याच्या झाडायले पानी सोड!"

मी चप्पल घातली.

"बाबा, कुठं चालले?"

"तुहा आजा बोंबलून रायला, आयकू नाही आलं काय?"