धरून सोडणारा नवरदेव

आटपाट नगर होतं, म्हणजे हे आपलंच नगर, अन् तिथं विशाल नावाचा मुलगा राहत होता. माझ्या नातीला, रूपालीला, त्याचं स्थळ आलं. आम्ही पारनेरहून जीप करून घर बघायला गेलो, तर नवरदेव सोसायटीच्या तळ्यावर!

हातात लांब काठी, दोरीच्या टोकाला कोंबड्याच्या पिसाची केलेली माशी. सारखा मागं-पुढं हलवतोय. मला वाटलं, पाण्याला वारा घालतोय का काय! तेवढ्यात लाल-पांढरा मासा लागला, चांगला हातभर. मी म्हटलं, "झालं कालवण!" तर त्यानं हात पाण्यात भिजवले, गळ काढला अन् मासा सोडून दिला.

"बाबा, सोडायचा तर धरतोस कशाला?"

"गंमत असती आजी."

माझं डोकंच चालेना. रूपालीला बाजूला घेतलं. "पोरी, हा धरून सोडणारा हाय. तुलाबी असंच सोडलं तर?"

"आधी विचार तरी, हात कशाला भिजवले."

विचारलं. तो म्हणाला, "कोरड्या हातानं त्याच्या अंगाला इजा होती, आजी."

मला निम्मं कळलं न्हाई, पण मी होकार देऊन टाकला.

परवा त्यानं माझ्या पणतीला न्हाऊ घातलं. साबणानं निसटणारी ती पोर दोन्ही हातांत अलगद धरली, अगदी त्या माशागत. फक्त हिला काही केल्या सोडंना.